अप्रिय सत्याची चित्रकथा
दुर्गाबाई व्याम आणि ‘भीमायन’

आमच्या घरात पुस्तक आले त्याच्या पुष्कळ आधी बाबासाहेबांचे चित्र आले. निळा कोट, काखेत ग्रंथ, वर उचललेले बोट. घरात वाचता येणारे कोणी नव्हते, पण त्या चित्रासमोर उभे राहून सगळ्यांना सगळे कळत होते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा, कोणत्याही तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत विचारा. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून तोडले गेले, त्याला आपला नेता प्रथम रंगरेषांतून भेटला, अक्षरांतून नंतर. तेव्हा बाबासाहेबांचे चित्र कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले आणि कोणत्या चौकटीत बसवले, हे प्रश्न एकट्या कलासमीक्षकांवर सोपवून चालणार नाही. ते आपल्या सांस्कृतिक इतिहासाचे प्रश्न आहेत.

दलित साहित्याची चर्चा करताना आपण कविता, आत्मकथन, कथा, नाटक आणि जलसा यांचा विचार केला. चित्रकथा मात्र आपण विचारातच घेतली नाही. पोरांची करमणूक म्हणून ती बाजूला टाकली. आपण ज्याकडे पाठ फिरवली त्या माध्यमाने आपल्याच मुलांच्या मनात कोण नायक आणि कोण राक्षस हे ठरवून टाकले. हा लेख एका चित्रकथाकार स्त्रीविषयी आहे. ती दलित नाही, आदिवासी आहे. ती महाराष्ट्रातली नाही, मध्यप्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातली आहे. ती शाळेत गेलेली नाही. पण बाबासाहेबांचे लहानपणचे पाणी, बडोद्यातला निवारा आणि चाळीसगावचा टांगा तिने ज्या रीतीने काढला, त्या रीतीने तो आपल्याकडच्या कोणी काढला नव्हता. तिचे नाव दुर्गाबाई व्याम.

एक

दुर्गाबाईंच्या कामाचे मोल कळायचे तर आधी आपल्याकडे चित्रकथा आली कशी ते पाहावे लागते. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्यात वेताळ होता. जंगलातल्या काळ्या टोळ्यांवर पिढ्यान् पिढ्या एक गोरा मुखवटेधारी अंमल गाजवतो आणि त्या टोळ्या त्याला देव मानतात, अशी ही कथा. मराठी मुलांनीही ती आवडीने वाचली. आदिवासी माणूस चित्रकथेत प्रथम दिसला तो असा, गोऱ्या माणसापुढे वाकलेला.

१९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा ही माला सुरू केली. एका प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे दूरदर्शनवर पाहून ही कल्पना सुचल्याचे पै सांगत. मालेतला पहिला भारतीय विषय ‘कृष्ण’ होता आणि त्याची चित्रे राम वाईरकरांनी काढली. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी या मालेला चेहरा दिला. मुळीकांनीच नंतर ‘नागराज’चे आरंभीचे अंक रेखाटले. म्हणजे भारतीय चित्रकथेच्या उभारणीत मराठी हातांचा वाटा मोठा आहे.

पण हे हात कसे राबत होते? संहिता एकाची, चित्र दुसऱ्याचे, रंग आणि अक्षरलेखन आणखी कोणाचे आणि अखेरचा शब्द संपादकाचा. चौकटी किती, फुग्यात काय, नायक कुठे उभा, हे बरेचसे आधीच ठरलेले. चित्रकार हा कसबी कारागीर, आशयाचा धनी दुसराच. गावगाड्यात ज्याने काम केले त्याचे नाव कधी राहिले नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही.

या संपादकीय धोरणाविषयी एक गोष्ट दलित वाचकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. खरे बोलावे, गोड बोलावे, पण कडू लागेल असे खरे बोलू नये, या अर्थाचे एक जुने संस्कृत वचन पै आपले मार्गदर्शक तत्त्व म्हणून सांगत. मुलांसाठी लिहिणाऱ्याला ते सोयीचे वाटले असेल. पण हे वचन मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच ग्रंथातले. पै यांनी जातीच्या हेतूने ते निवडले असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याचे सारे आयुष्य अप्रिय सत्य बोलण्यात गेले, त्याची कथा या नियमाखाली कशी सांगायची, हा पेच तिथे अटळ होता.

दोन

तो पेच १९७९ साली समोर आला. त्या वर्षी अमर चित्र कथेत ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक निघाला. संहिता एस. एस. रेगे यांची. रेगे हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल, त्यांनी बाबासाहेबांना जवळून पाहिले होते. चित्रे दिलीप कदम यांची.

१९७९ या सालाचा मराठवाड्यात वेगळा अर्थ आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाडा पेटला. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. घरे जळाली, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. जे नाव विद्यापीठाच्या कमानीवर चालत नव्हते, ते नाव पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेल्या रंगीत पुस्तकावर शिवाजी महाराज आणि राणा प्रताप यांच्या रांगेत झळकले. विद्यापीठाच्या नावासाठी मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

या अंकाला केवळ नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. शाळेच्या कपाटात, रेल्वे स्टेशनावरच्या दुकानात, मध्यमवर्गीय घरातल्या मुलांच्या हातात बाबासाहेब पोहोचले ते त्यामुळे. अस्पृश्यतेचे चटकेही त्यात आहेत. पण मालेचा साचा आपले काम करतोच. हा साचा एका थोर पुरुषाचा आहे. जन्म, अडचण, जिद्द, यश अशा पायऱ्या ठरलेल्या. त्या साच्यात अस्पृश्यता ही समाजरचना म्हणून उभी राहत नाही, नायकाच्या वाटेतला अडथळा होऊन बसते. नायक तो ओलांडून पुढे जातो, पुस्तक मिटते आणि वाचणाऱ्या मुलाला वाटते की आता सगळे ठीक झाले. सगळे ठीक झाले असते तर १९७८ घडले नसते.

तीन

आता दुर्गाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म मंडला जिल्ह्यातल्या बुरबासपूर या गावचा, १९७०च्या दशकाच्या आरंभीचा. जमात परधान गोंड. आपल्या शेजारी किनवट, माहूर, यवतमाळ या भागांत प्रधान जमातीची वस्ती आहे, म्हणून हे नाव आपल्याला परके नाही. परधान हे गोंडांचे गायक. बाना हे तंतुवाद्य घेऊन यजमान गोंडांच्या दारी जायचे, त्यांच्या कुळांच्या आणि बडादेवाच्या कथा गायच्या आणि दान मिळेल त्यावर जगायचे. इतिहास सांगणारा हाच, पण यजमानाच्या दारात त्याचे स्थान खालचे. मागून खाणाऱ्याच्या तोंडी साऱ्या समाजाची स्मृती, हे नाते आपल्या गावगाड्यालाही ठाऊक आहे.

यजमान गरीब झाले, जंगल सरकारने ताब्यात घेतले आणि बाना मुका होत गेला. अशा काळात पाटनगढ गावच्या जनगढसिंह श्याम या तरुणाची भिंतीवरची चित्रे भोपाळच्या भारत भवनच्या मंडळींनी पाहिली. भारत भवन १९८२ साली सुरू झाले, चित्रकार जगदीश स्वामीनाथन तिथल्या कलासंग्रहाचे प्रमुख होते. जनगढ भोपाळला आला, कागदावर काढू लागला आणि गाण्यातल्या कथा चित्रात उतरल्या. त्याच्यामागून नात्यागोत्यातली अनेक माणसे आली. याच जनगढचा २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करीत असताना मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला होता. वय चाळिशीच्या आसपास. कलेला जगभर मागणी येते, पण कलावंताच्या परतीच्या वाटेची काळजी कोणी करीत नाही, एवढे तरी त्या मृत्यूने दाखवले.

दुर्गाबाई या जनगढच्या नात्यातल्या. त्यांची शाळा म्हणजे घरची जमीन आणि भिंत. लग्नाला, सुगीला, सणाला स्त्रिया सारवलेल्या भुईवर आणि भिंतीवर डिगणा काढतात. आपल्या आयाबायांच्या रांगोळीची ती दूरची बहीण म्हणता येईल. हे काम त्या सहा वर्षांच्या असताना आजीकडून शिकल्या. पंधराव्या वर्षी लग्न झाले. पती सुभाष व्याम हे माती आणि लाकडाचे कारागीर. जनगढच्या प्रोत्साहनाने हे कुटुंब १९९६ साली भोपाळला आले. भुईवरचा हात कागदावर चालू लागला. २००६ साली झाडांच्या रात्रीच्या जीवनावरचे एक पुस्तक भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या तिघांनी मिळून चितारले, त्याला इटलीतल्या बोलोन्याचा बालपुस्तकांचा पुरस्कार मिळाला. २००७ साली कांचा इलय्या यांच्या श्रमप्रतिष्ठेवरच्या मुलांसाठीच्या पुस्तकाला त्यांनी चित्रे दिली. कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्या श्रमाचे मोल सांगणारे ते पुस्तक. म्हणजे बाबासाहेबांपाशी पोहोचण्याआधीच त्यांचा कुंचला श्रमणाऱ्या जातींच्या दारी येऊन गेला होता. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चार

‘भीमायन’ २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष यांची. त्याचा मोठा आधार म्हणजे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या त्या छोट्या आठवणी, ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापल्या. १९०१ साली वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरलेली मुले, दुप्पट भाडे देऊन स्वतःच हाकावी लागलेली बैलगाडी आणि रात्रभर न मिळालेले पाणी. १९१७ साली बडोद्याच्या पारशी सरायीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने काढून दिलेला, परदेशी शिकून आलेला अधिकारी. १९२९ साली टांगेवाल्यांनी महाराला बसवायचे नाकारले, म्हणून टांगा हाकणे न येणाऱ्या आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला आणि चाळीसगावला बाबासाहेबांचा पाय मोडला. हे तीनही प्रसंग अप्रिय सत्य आहेत. यात विजय नाही. ग्रंथाचे तीन भाग पाणी, निवारा आणि प्रवास असे आहेत. जन्म ते महापरिनिर्वाण असा थोर पुरुषाचा जीवनक्रम टाकून देऊन माणसाला जगायला काय लागते त्यानुसार पुस्तक बांधले, हा पहिला विद्रोह.

दुसरा विद्रोह चित्रकारांचा. त्यांना देशोदेशीच्या चित्रकथा दाखवल्या गेल्या. त्या पाहून व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. माणसांना खोक्यात कोंबले की ती गुदमरतात, आम्ही मोकळ्या जागेत काढतो, असा त्यांचा मुद्दा. पान विभागायचे तेव्हा त्यांनी डिगण्याचे वळण घेतले. ज्या माणसाला गावाने कुसाबाहेरच्या चौकटीत ठेवले, त्याची कथा चौकटीविना सांगणे, याला मी केवळ शैली म्हणणार नाही. येथे आशयानेच रूप घडवले आहे.

तिसरी गोष्ट फुग्यांची. नेहमीच्या चित्रकथेत दयाळू माणूस बोलो की जातीचा माज असलेला बोलो, फुगा एकच. येथे मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. मनातल्या विचाराला डोळा असतो. विटाळाचे, हाकलण्याचे, जात विचारणारे बोलणे विंचवाच्या नांगीत येते. ज्याला हे शब्द ऐकावे लागले आहेत त्याला आकार समजावून सांगावा लागत नाही. अप्रिय सत्य सांगू नये, या नियमाला एका निरक्षर आदिवासी स्त्रीने आणि तिच्या पतीने दिलेले हे उत्तर आहे. सत्य अप्रिय असेल तर त्याला नांगी काढा, म्हणजे लपणार नाही.

आणि पाणी. तहानलेल्या लहान भीमाच्या धडाच्या जागी मासा येतो. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकातून शब्दांऐवजी पाण्याचे तुषार लोकांवर पडतात. बडोद्यात आसरा न मिळालेला माणूस बागेत बसतो आणि त्याचा देहच बाग होतो. हे पुस्तक मी महाविद्यालयात वर्गात दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, बाबासाहेबांच्या अंगाला मासा कशाला?” मी उत्तर जुळवत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, ज्याच्या वस्तीला उन्हाळ्यात टँकर येतो, बसल्या जागेवरून म्हणाला, “तहान लागलीय ना त्याला.” मी पुढे काही बोललो नाही.

चौथी गोष्ट अशी की पुस्तक भूतकाळात संपत नाही. आरंभी आजच्या बसथांब्यावर एक माणूस आरक्षणाच्या नावाने कुरकुरतो आणि एक स्त्री त्याला भीमाची गोष्ट सांगू लागते. मध्ये मध्ये आजच्या वर्तमानपत्रांतल्या अत्याचारांच्या बातम्या येतात. त्यामुळे मुलाला पुस्तक मिटून सगळे ठीक झाले म्हणता येत नाही.

पाच

एवढे कौतुक केल्यावर काही प्रश्नही विचारलेच पाहिजेत, नाहीतर आपण समीक्षा सोडून आरती करू.

पहिला प्रश्न भाषेचा. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रातल्या आठवणी भोपाळच्या गोंड कलावंतांनी काढल्या आणि त्या मूळ पुस्तकात इंग्रजी शब्दांसह आल्या. विंचवाच्या नांगीतले शब्द ज्या बोलीत प्रत्यक्ष उच्चारले गेले, ती बोली पुस्तकात नाही. दुसरा प्रश्न निर्णयाचा. चित्रकारांनी चौकट मोडली, पण विषय निवडणे, शब्द लिहिणे आणि पुस्तक छापणे त्यांच्या हाती नव्हते. वाईरकर-कदमांच्या काळच्या कारागिरापेक्षा दुर्गाबाईंचे स्थान निश्चित वर आहे, मुखपृष्ठावर नाव आहे, रूपाचा निर्णय आहे. तरी लेखणी आणि कुंचला अजून दोन वेगळ्या घरांत राहतात. तिसरा आक्षेप काही जण घेतात. मोर, साप, मासे आणि झाडे यांच्या गर्दीत जातीचा दाह सौम्य होतो, शहरी ग्राहकाला सुंदर वस्तू हाती मिळते. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. सौंदर्य हा आदिवासींचाही हक्क आहे, आणि दुःख कुरूपच दिसले पाहिजे असा दंडक त्यांच्यावर आपण का लादावा? पण पुस्तक कोणाच्या टेबलावर पोहोचते हा प्रश्न उरतोच.

मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. वेताळापुढे वाकलेला आदिवासी १९६४ साली आपल्या मुलांनी पाहिला. सत्तेचाळीस वर्षांनी एक आदिवासी स्त्री कुंचला घेऊन बसली आणि तिने एका दलित मुलाची तहान काढली. दलित आणि आदिवासी यांचे ऐक्य आपण सभांतून नेहमी मागतो. येथे ते कोणत्याही ठरावाविना कागदावर उतरले आहे.

सहा

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे चित्र काढणारा हात नव्हता काय? होता. जयंतीच्या आधी वस्तीतल्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध काढणारा, कमानीवर अक्षरे रंगवणारा, बैलगाडीवर आणि दुकानावर नावे घालणारा पेंटर प्रत्येक तालुक्याच्या गावी होता. कित्येक पेंटर आपल्याच वस्तीतले होते. त्यांच्यातून चित्रकथाकार घडला नाही, कारण त्यांना कोणी गोष्ट दिली नाही आणि छापखाना दिला नाही. पुढे फ्लेक्स आला आणि त्यांचा कुंचलाही वाळला. आमच्या लेखकांनी शेकडो आत्मकथने लिहिली. त्यांतल्या किती प्रसंगांसाठी आम्ही आमच्याच पेंटरच्या दारात गेलो?

प्रसंग दूर शोधायला नकोत. बाबासाहेबांच्या त्याच आठवणींत १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. वेरूळला निघालेले कार्यकर्ते धुळीने माखून किल्ल्यापाशी उतरले, वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि ‘ढेडांनी पाणी बाटवले’ म्हणून एका वृद्ध मुसलमान गृहस्थाने आरडाओरड केली. जमाव गोळा झाला. अखेर किल्ला पाहता आला तो शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात, हे पाण्याला शिवू नयेत म्हणून. हा निजामाचा मुलूख, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचा मुलूख. विटाळाचा रोग एका धर्मापुरता राहिला नव्हता, हे सांगणारा हा प्रसंग मराठवाड्याच्या भूमीवर घडला. तो किल्ला आपण सहलीला जाऊन पाहतो. तो हौद कोणी काढायचा?

नामांतराच्या काळातली जळालेली घरे पाहिलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत, पण थकत चालली आहेत. त्यांचे शब्द टिपून घेणारे विद्यार्थी आहेत. चित्र काढणारी मुले आहेत, वहीच्या मागच्या पानावर त्यांची चित्रे रोज दिसतात आणि त्याबद्दल त्यांना बोलणी बसतात. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत, आंबेडकर जयंतीच्या स्मरणिकांत, विहारांच्या भिंतींवर दोन-चार पानांची चित्रकथा देता येईल. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही. बोली आपली ठेवावी. चौकट हवी की नको ते काढणाऱ्यावर सोडावे. लिहिणारा आणि काढणारा एका घोंगडीवर बसावा.

दुर्गाबाईंनी आपल्या आजीच्या भुईवरून सुरुवात केली होती. आपल्या आजीची भुई अजून आहे. तिच्यावर अप्रिय सत्याची पहिली रेघ कोणीतरी ओढायची आहे.